बुटांना तीन, फोनला नऊ

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात आमच्या घराला लागून एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका राहायच्या. आमची लेक त्यांना ओमा म्हणायची. इकडे आजीला ओमा म्हणतात. लेकीचं ऐकून आम्हीही ओमाच म्हणायला लागलो आणि 'त्या'ची 'ती' कधी झाली ते कळलंच नाही. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मधली भिंत एकच. ओमाचा रेडिओ लागला की आम्हाला बातम्या कळायच्या, आणि आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी ती कुंपणावरून विचारायची, काल डाळ होती ना?

तिचा मुलगा सैन्यात होता. एकुलता एक, तिशीच्या आसपासचा, दाराच्या चौकटीत कसाबसा मावेल इतका उंच. वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून हे दोघंच. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा तो इराकच्या वाळवंटात होता. तो परत आला ते साल दोन हजार पाच असावं. ओमाने केक कापायला आम्हालाही बोलावलं. डच रीतीने सगळे गोलात खुर्च्या मांडून बसलो. एकेक कप कॉफी, एकेक तुकडा केक, आणि डबा लगेच बंद. बायकोने बरोबर चकल्या नेल्या होत्या, त्या त्या पठ्ठ्याने एकट्याने संपवल्या.

नको तो प्रश्न नको त्या वेळी विचारण्यात मी पहिल्यापासून पटाईत. मी विचारलं, "कसं होतं तिकडे?"

तो कपात बघत बसला. गोलातल्या सगळ्यांनी एकदम केक खायला सुरुवात केली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओमा म्हणाली, "असं विचारलंत तर उद्यापर्यंत बसून राहाल. त्याला मार्क विचारा."

लहानपणी तो शाळेतून आला की तोंड शिवल्यासारखा बसायचा. आज काय झालं, कुणी मारलं का, रडलास का, कशालाच उत्तर नाही. शेवटी मास्तरणीने मास्तरणीची युक्ती काढली. डब्याला दहापैकी किती? बाकाला किती? शेजारी बसणाऱ्याला किती? मग मात्र तो बोलायचा. या देशात शाळेत सहा मिळाले की पास, सातवर सगळे खूष, आणि दहा सहसा कुणी कुणाला देत नाही. आमच्या कंपनीतही वर्षाच्या शेवटी तोच कंजूषपणा चालायचा, म्हणून ती पद्धत मला नीट ठाऊक होती.

"बरं," मी म्हटलं, "बंदुकीला किती?"

त्याचा चेहराच बदलला. "रायफलला सात," तो म्हणाला. "नेम चांगला. पण नखरे फार. तिकडची वाळू वाळूसारखी नसते, मैद्यासारखी असते. तेल जास्त झालं की त्यात ती बसते आणि आतमध्ये कणीक मळली जाते. म्हणून तेल अगदी नावाला, आणि दिवसातून दोनतीनदा ब्रशने झाडायची." तो ब्रश दाढीचा होता, वडलांचा. त्याला त्याने साडेआठ दिले.

मग तो थांबेचना. मशीनगनला दोन वेगवेगळे मार्क: चालवणाऱ्याकडून आठ, वाहून नेणाऱ्याकडून चार. पिस्तुलाला पाच, कारण ते फक्त कमरेला आहे एवढंच बरं वाटायला. डोळ्यांवरच्या चष्म्याला सहा. धूळ थांबते पण घाम आतच राहतो, मग दिसत दोन्हीमुळे नाही. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीला आणि तिच्या नळीला आठ, जरी दुपारी नळीतून चहा यायचा. रेडिओला सहा. सगळं शांत असतं तेव्हा त्यात चिमणीचा आवाजसुद्धा ऐकू येतो, आणि गडबड झाली की नुसती खरखर. बुटांना तीन. उन्हाने तळव्याचा डिंक वितळला आणि एकदा चालता चालता तळवा मागेच राहिला. ओल्या रुमालांच्या पाकिटाला नऊ, आणि हे सांगताना तो इतका गंभीर होता की कुणाला हसता येईना.

"छातीवरच्या पत्र्याला?" मी विचारलं. अंगातल्या जाकिटात गोळी अडवायला घालतात ती जाड फळी, तिच्याबद्दल.

"चार. पाठ मोडते. वर चढताना वाटतं काढून फेकून द्यावी."

"नऊ," ओमा आतून म्हणाली. ओट्याकडे तोंड करून ती कप विसळत होती. "त्याला नऊ लिहा."

तो हसला आणि म्हणाला, "बरं बाई, नऊ." सगळ्यात शेवटी त्याने छावणीतल्या उपग्रहाच्या फोनला नऊ दिले. आईचा आवाज इतका स्वच्छ यायचा म्हणे की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू यायची.

पुढच्या वर्षी त्याला अफगाणिस्तानात जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला, आईच्या घराची जास्तीची किल्ली दिली आणि आमचा नंबर हेल्मेटच्या आतल्या पट्टीवर पेनाने लिहून घेतला. "आईला काही झालं तर मला सरळ सांगा," तो म्हणाला. "गुळगुळीत करून नको. सांगितलं की हे लोक मला विमानात बसवून पाठवतात, तशी सोय आहे. पण सांगायला पाहिजे." बायको म्हणाली, "अरे, नक्की." मीही मान हलवली. तो माणूस इतका उंच होता की मान हलवताना वर बघावं लागायचं.

मग दर रविवारी दुपारी ओमाकडे फोन यायचा, आणि सोमवारी सकाळी कुंपणावर आम्हाला मार्क कळायचे. नव्या चिलखती गाडीला आठ. बुटांना अजून तीनच, पण यावेळी त्याने स्वतःच्या पैशाने दुसरे घेतले होते, त्यांना साडेसात. वडलांच्या ब्रशचे केस झडायला लागले होते तरी साडेआठ. बायको पोळ्या लाटायची सोडून ऐकायला बाहेर यायची. आम्हा दोघांना युद्धातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एखाद्या नातेवाइकाच्या मुलाचा निकाल ऐकावा तसे आम्ही ते मार्क ऐकायचो.

एका सोमवारी ओमा गप्प होती. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाली, "रायफल सातावरून पाचावर आली."

"बिघडली का?" मी विचारलं.

"बुटांना तीन म्हणतो तेव्हा ते बुटांना असतात," ओमा म्हणाली. "रायफल तीच आहे. हात बदललाय. घाबरलाय तो." आणि मग ती कुंपणाला धरून उभी राहिली. आम्हाला वाटलं मुलाच्या काळजीने. तिला धाप लागत होती हे आमच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा पावसाळी थंडी सुरू झाली होती आणि तिच्या पायांवर इतकी सूज होती की घरातल्या सपाताही चढत नव्हत्या. सायकल तर कधीच शेडमध्ये गेली होती.

डॉक्टरने तपासून लगेच आइंडहोव्हनच्या हॉस्पिटलात पाठवलं. तो शनिवार होता. हृदय थकलंय, पाणी साठलंय, औषधाने उतरेल, आठवडाभरात घरी जाल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. रविवारी दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो आणि बायको लेकीबरोबर घरी होती. ओमा सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "तिकडे कुणी उचलणार नाही," ती म्हणाली. "मग तुमच्याकडे करेल."

"हो, करेल."

थोड्या वेळाने म्हणाली, "झाला असेल आता फोन. तिने सांगितलं असेल."

"सांगितलं असेल," मी म्हणालो.

"मग निघेल तो," ओमा म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. इतक्या दिवसांत तिला इतकी निवांत मी पाहिली नव्हती.

घरी आलो तर बायको भाजी निवडत होती. फोन आला होता का? आला होता. सांगितलंस? ती मेथीची जुडी हातात धरून बसली.

"मी म्हटलं, ओमा सायकल घेऊन बाहेर गेल्येय. हवा छान आहे, म्हणून फिरायला गेल्येय."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तो म्हणाला, उद्या पहाटे आम्ही बाहेर पडतोय, तीन दिवस. त्याच्या हातात बंदूक, आणि डोक्यात हे? कसं सांगू मी? आपल्याकडे असं सांगतात का कुणी?"

आणि खरंच, आपल्याकडे सांगत नाहीत. तिचे वडील गेले तेव्हा पुण्याहून तिच्या काकांचा फोन आला होता, "दादांना जरा बरं नाहीये, येऊन जा." गेले होते ते आदल्या रात्रीच. ती सबंध प्रवासभर दादांसाठी घेतलेला स्वेटर मांडीवर धरून बसली होती. दारात चपला दिसल्या तेव्हा तिला कळलं. पण त्याबद्दल ती काकांवर कधी रागावली नाही. उलट म्हणायची, विमानात ते ओझं घेऊन मी बसले असते तर वेडी झाले असते, काकांनी मला तेवढे तास दिले. आपण सगळेच असे वाढलो. वाईट बातमी दारापर्यंत येऊ द्यायची, फोनवर नाही. दर रविवारी पुण्याला फोन केला की तिकडून सगळं मजेत आणि इकडूनही सगळं मजेत. कुणाचं ऑपरेशन झालेलं असायचं, कुणाची नोकरी गेलेली असायची, पण फोनवर दोन्ही टोकांना हवा छान असायची.

"तो बुधवारी छावणीत परत येणार आहे," बायको म्हणाली. "आल्यावर करतो म्हणालाय. तेव्हा सांगते. आई शप्पथ सांगते." ओमाची तब्येत सुधारत होती, बुधवार काही लांब नव्हता. आम्ही थांबलो.

बुधवारी फोन आला नाही. संध्याकाळच्या बातम्यांत कळलं की तिकडे एक डच सैनिक मारला गेलाय. असं काही झालं की त्याच्या घरच्यांना कळेपर्यंत छावणीतले सगळे फोन बंद ठेवतात, हे मला ऑफिसातल्या एकाने सांगितलं. आम्ही टीव्हीसमोर बसून त्या उंच माणसासाठी देवाचा धावा करत होतो, आणि तेव्हाच हॉस्पिटलातून फोन आला की ओमाला श्वास घेता येत नाहीये, जवळचं कुणी असेल तर बोलवा.

किल्लीने तिचं घर उघडलं, तिचा एक भाऊ नायमेखनला असतो एवढं माहीत होतं, त्याचा नंबर शोधला. त्याने लगेच सैन्याला कळवलं. ते लोक शब्दाला जागले, मुलाला निघायला सांगितलं. मेलेला सैनिक दुसरा कुणी होता. पण ओमाचा मुलगा डोंगरात कुठल्या तरी लहान ठाण्यावर होता, आणि तिकडे धुळीचं वादळ उठलं होतं. हेलिकॉप्टर उडेना. ज्या मैद्यासारख्या धुळीला त्याने माझ्यासमोर नावं ठेवली होती, तीच आता त्याला सोडत नव्हती. रविवारी सांगितलं असतं तर तो वादळाच्या आधीच निघून आला असता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, भावालाही.

गुरुवारी दुपारी ओमा गेली. बायको तिचा हात धरून बसली होती, भाऊ पलीकडे. मुलगा शुक्रवारी आइंडहोव्हनच्या विमानतळावर उतरला. त्याच्या बुटांना तिकडची धूळ तशीच होती.

अंत्यसंस्कारानंतर पुन्हा कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. चारपाच दिवसांनी तो किल्ली घ्यायला आमच्याकडे आला आणि स्वयंपाकघरात बसला. बायकोने चहा केला. मी तिथून उठून जावं की बसावं ते मला कळेना, म्हणून बसून राहिलो.

बायकोनेच मान खाली घालून विचारलं, "यावेळी मार्क सांगितले नाहीस."

तो बराच वेळ चमच्याने चहा ढवळत होता. साखर घातलेली नव्हती. मग तो बोलायला लागला. पत्र्याला नऊ. आईचं बरोबर होतं. स्फोटातला एक तुकडा येऊन त्यात रुतला, छातीवर नुसता काळा डाग पडला. हेल्मेटला आठ. रायफल पुन्हा सातावर. ब्रश हरवला, कुठे पडला कळलं नाही, त्याला मार्क नाहीत. रेडिओला पाच.

"आणि फोनला नऊ," तो म्हणाला. "प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. तुमच्या घरात कुकर लागला होता. तुम्ही म्हणालात, ती सायकलवर गेल्येय, हवा छान आहे. मी वाळूच्या पोत्यावर बसलो होतो. मला ती दिसली. तो निळा रेनकोट घालून कालव्याच्या कडेने चाललेली. पुढचे तीन दिवस मी डोळे मिटले की तेच बघत होतो. हात थरथरला नाही. म्हणून तर रायफल सातावर आली."

बायकोने वर बघितलं. मला वाटलं, सुटलो.

"पण ती तिथे नव्हतीच," तो म्हणाला. "मी जिला बघत होतो ती नव्हतीच, आणि जी होती तिच्याकडे मी बघितलं नाही. मला दुसरं चित्र हवं होतं. वाईट असलं तरी. तुम्ही मला विचारलं नाहीत." आवाज चढलेला नव्हता. इकडची माणसं रागावली तरी असंच बोलतात, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. बायको हुंदके देऊन रडायला लागली. तो उठला नाही, तिला थोपटलं नाही, पण गेलाही नाही. ती शांत होईपर्यंत तो चहाकडे बघत बसला.

मग त्याने विचारलं, "शेवटी काय झालं? सरळ सांगा."

आणि माझ्या बायकोने सांगितलं. मी तिला ओळखतो. जिला कुणाला आवडलेली साडी वाईट आहे हेही सांगता येत नाही, तिने एकेक गोष्ट सांगितली. श्वास कसा लागत होता. ओमाने मास्क कसा दोनदा ओढून काढला. किती दुखत होतं. सकाळी ओमा तिला ओळखेना, नर्सला बाई बाई म्हणत होती. काहीही गुळगुळीत केलं नाही. तो हातांची घडी घालून ऐकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"दुपारी शुद्धीवर आली," बायको म्हणाली. "मला विचारलं, निघाला का? मी म्हटलं, हो, विमानात बसला."

"केव्हा?"

"गुरुवारी. जेवणाच्या वेळेला."

"तेव्हा मी ठाण्यावरच होतो. धूळ होती."

"माहीत होतं मला," बायको म्हणाली. "मामांना फोन आला होता. तरी म्हटलं. मग तिने विचारलं, खिडकीजवळची जागा मिळाली का? मी म्हटलं, मिळाली. ती हसली. त्यानंतर बोलली नाही."

घरात इतकी शांतता होती की पलीकडच्या, आता रिकाम्या, घरातला फ्रिज भिंतीतून ऐकू येत होता. मग तो उभा राहिला, किल्ली खिशात टाकली, आणि बायकोच्या डोक्यावर आपला तो भलामोठा पंजा क्षणभर ठेवला.

"सहा," तो म्हणाला. "आईला जे सांगितलंत त्याला सहा."

त्याला फोनवर जे सांगितलं होतं त्याचे किती, हे तो बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढे त्याने घर विकलं. दर नववर्षाला त्याचं कार्ड येतं, लेकीच्या नावाने.

तो किल्ली घेऊन गेला त्यानंतरच्या रविवारी नेहमीप्रमाणे बायकोने पुण्याला आईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी समोर पेपर वाचत होतो. तिकडून नेहमीचंच चाललं होतं. मी ठणठणीत, तुम्ही आपले जपा, थंडी आहे तिकडे, पोरीला स्वेटर घाला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"आई, ते राहू दे," ती म्हणाली. "पूर्वी तू माझ्या शाळेचे मार्क विचारायचीस ना, तसं मी विचारते. खरं सांगायचं. तब्येतीला दहापैकी किती?"

"काय खुळ्यासारखं विचारतेस गं?"

"सांग ना. सहाला पास."

आई हसली. मग हसायची थांबली. लाइन तुटली असं वाटून मी पेपर खाली ठेवला. पण तुटली नव्हती. तिकडच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न स्वच्छ ऐकू येत होता.

"तीन," आई म्हणाली.